मेखयंत्र आणि बारावा पाट

"मनुष्यजातीच्या इतिहासात आजवर तीनच मोठे शोध लागले," उल्हास केणी व्यासपीठावरून म्हणाले. "पहिला अग्नीचा, दुसरा चाकाचा आणि तिसरा आज या टेबलावर, या रुमालाखाली आहे. आजपासून बुद्धीच्या खेळातला माणसाचा पक्षपात संपला. यापुढे उरेल तो शुद्ध तर्क."

टाळ्या पडल्या नाहीत, कारण प्रत्येक सभासदाच्या एका हातात उसळीची वाटी होती आणि दुसऱ्या हातात पाव. मागच्या रांगेतून कुणीतरी विचारलं, "उसळ आणखी आसा काय?"

केणींनी रुमाल ओढला. यंत्र जेवणाच्या डब्याएवढं होतं. उघडं बरं दिसत नाही म्हणून भालू चितारींनी त्याला लाकडी खेळणी रंगवणाऱ्या चितार आळीच्या रिवाजाप्रमाणे लाखेचा लाल रंग देऊन वर आंब्याच्या पानांची वेलबुट्टी काढली होती. त्यामुळे मनुष्यजातीचा तिसरा मोठा शोध हळदीकुंकवाच्या करंड्यासारखा दिसत होता.

साल दोन हजार त्रेचाळीस. सावंतवाडीत चालकाविना धावणारी एसटी सुरू होऊन तीन वर्षं झाली होती आणि वाटेत कुणीही हात दाखवला की थांबायला ती एव्हाना शिकली होती. गावातल्या तर्करंजन मंडळात मात्र गेली पंचवीस वर्षं एकच गोष्ट चालत आली होती, ती म्हणजे मेख.

मेख हा खेळ समजायला पाच मिनिटं लागतात आणि सुटायला उरलेलं आयुष्य. एकजण मेखकरी होतो. तो मनाशी एक नियम ठरवतो आणि चिठ्ठीवर लिहून डबीत ठेवतो. नियम म्हणजे, 'लाल नग हिरव्यांपेक्षा जास्त हवेत', किंवा 'गोळा कुठल्याही ठोकळ्याला टेकलेला नको', असं काहीही. बाकीचे टेबलावर लाकडी शंकू, गोळे आणि ठोकळे मांडतात. मांडणी नियमात बसली तर मेखकरी तिच्याशेजारी पांढरी कवडी ठेवतो, नाही बसली तर लाल गुंज. कवड्या आणि गुंजा बघत बघत नियम ओळखायचा. जो आधी ओळखेल तो जिंकला.

वार्षिक स्पर्धेच्या विजेत्याला भालू चितारींनी रंगवलेला पाट मिळे. केणींकडे असे अकरा पाट होते, ओळीने अकरा वर्षांचे. त्यांच्या घरी खाली बसून जेवणारं कुणी उरलं नव्हतं. त्यामुळे ज्योत्स्नाबाईंनी, म्हणजे केणींच्या पत्नीने, एक पाट फ्रिजखाली घातला होता, तीन कुंड्यांखाली होते आणि एकाने गॅलरीचं दार अडवलेलं होतं. बाराव्याला जागा नव्हती, पण केणींना तो हवा होता. ते मंडळाचे अध्यक्ष होते आणि आपण सिंधुदुर्ग जिल्ह्यातले पहिल्या प्रतीचे तर्कशास्त्री आहोत याबद्दल त्यांच्या मनात शंका नव्हती. इतरांच्याही नव्हती, कारण त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

यंत्र आणायची पाळी आली ती मंडळी एकमेकांना फार ओळखू लागल्यामुळे. निवृत्त पोस्टमास्तर मेखकरी झाले की नियम हमखास क्रमाचा असायचा, कारण आयुष्यभर त्यांनी पत्रं लावली होती. भालू चितारींच्या नियमात पिवळा यायचाच. डॉक्टरांची चिठ्ठी निकालानंतरही कुणाला वाचता येत नसे, म्हणून त्यांना मेखकरी करणंच बंद झालं. डाव चार चार मिनिटांत संपू लागले. तेव्हा भालूंची पुतणी गौतमी पुढे आली. ती गोव्यातल्या एका संशोधन संस्थेत भौतिकशास्त्र करून नुकतीच घरी परतली होती. ती म्हणाली, "ज्याला स्वभावच नाही असा मेखकरी मी करून देते."

यंत्रापुढे पहिल्या शनिवारी केणी हरले. दुसऱ्या शनिवारीही हरले. तिसऱ्या शनिवारी त्यांना रोझलीन डिसोझाबाईंनी हरवलं. डिसोझाबाई बाजारात ब्लाऊज शिवायच्या आणि मंडळात मुख्यतः पंख्याखाली बसायला यायच्या.

गोष्ट अशी होती की केणींनी पंचवीस वर्षांत टेबलाकडे फारसं बघितलंच नव्हतं. ते मेखकऱ्याकडे बघायचे. कवडी ठेवताना त्याची भुवई किती हलली, गुंज ठेवताना तो किती खूश झाला, यावर त्यांचे अकरा पाट उभे होते. आता समोर लाल करंडा होता. त्याला भुवई नव्हती. फक्त एक छोटा पडदा, एक पांढरा आणि एक लाल दिवा होता. जो लागेल त्याप्रमाणे पंच असलेले भालू चितारी कवडी नाहीतर गुंज ठेवत.

केणींनी यंत्राजवळ खुर्ची घेतली. मग त्याला सकाळी वेगळं आणि संध्याकाळी वेगळं वाटतं का, ते बघितलं. एकदा ते करंड्यावर हात ठेवून पाच मिनिटं बसले.

"उल्हास," भालू म्हणाले, "तू तेच्याकडे असो कित्याक बघतस? तां काय ताप इलेला पोर नाय."

"गरम लागतंय जरा. कठीण नियम असला की तापत असेल."

"खिडकीत ठेवलाहा. उन्हान तापलाहा."

स्पर्धेला तीन आठवडे उरले. केणी उठले आणि गौतमीकडे गेले.

गौतमी भालूकाकांच्या खेळण्यांच्या कारखान्यामागच्या खोलीत बसायची. भोवती वाळत घातलेली लाकडी केळी, कलिंगडं आणि मधोमध तिची यंत्रं. तिने केणींना स्टुलावर बसवलं.

"काका, त्याचा स्वभाव शोधू नका. आत काय चालतं ते सांगते," ती म्हणाली. "आत एक बारीकसा दिवा आहे. तो प्रकाशाचा एका वेळी एकच कण सोडतो. समोर एक काच आहे, अर्धा प्रकाश पलीकडे जाऊ देणारी आणि अर्धा परत फिरवणारी. पण एकट्या कणाचे तर दोन तुकडे होत नाहीत. मग तो एकतर जातो, नाहीतर फिरतो. काय करेल ते मला माहीत नाही, तुम्हाला माहीत नाही आणि आपल्याला आज जे भौतिकशास्त्र कळतं त्याप्रमाणे त्यालाही माहीत नाही."

"म्हणजे नाणेफेक."

"नाणेफेकीपेक्षाही शुद्ध. नाणं टाकणाऱ्याचा अंगठा कळला तर छापा-काटा सांगता येईल. इथे अंगठाच नाही. कण पलीकडे गेला तर 'लाल', फिरला तर 'हिरवा'. पुढचा गेला तर 'आणि', फिरला तर 'किंवा'. असे पंधरा-वीस कण झाले की एक नियम तयार. सेकंदाला दहा हजार नियम होतात."

केणींनी समाधानाने मान हलवली. अध्यक्षीय भाषणात त्यांनी हेच सांगितलं होतं, फक्त न समजता.

"आता अडचण अशी," गौतमी म्हणाली, "की त्यातले बहुतेक फालतू असतात. काही नियमांत कुठलीही मांडणी बसते. काहींत कुठलीच बसत नाही. आणि काही असे की, 'दुसऱ्या क्रमांकाच्या लहान गोळ्याच्या डावीकडे विषम शंकू असतील तर हिरव्यांची संख्या पिवळ्यांच्या दुपटीहून एकाने कमी'. हा ओळखायला माणसाला दोन जन्म लागतील. म्हणून दिव्यापुढे चाळणी लावावी लागते. दहा हजारांतून खेळण्याजोगा एक निवडायचा."

"तो कोण निवडतं?"

"एक शिकणारा प्रोग्राम. पण त्याला आधी कुणीतरी शिकवावं लागतं. नियम दाखवायचा, माणसाने म्हणायचं आवडला किंवा नाही आवडला. अशी चार हजार उत्तरं मिळाली की चाळणीला त्या माणसाची आवड बरोबर कळते. मग पुढचे नियम ती त्या आवडीनेच निवडते."

केणी स्टुलावर ताठ झाले. स्वभाव नाही म्हणता म्हणता सापडला होता. एखादा माणूस मिळाला की पुढचं काम त्यांच्या हातचं होतं.

"आणि ही चार हजार उत्तरं दिली कुणी?"

"काकूंनी."

"कुठल्या काकूंनी?"

"आपल्या. ज्योत्स्नाकाकूंनी. तुम्ही दुपारी झोपायचा ना, तेव्हा यायच्या. तीन महिने रोज. तुम्हाला सांगितलं असेल त्यांनी."

"हो, हो," केणी म्हणाले. "म्हणाली होती काहीतरी."

घरी येताना केणी मोती तलावाला दोन फेऱ्या जास्त मारून आले. आता हरणं परवडणारं नव्हतं. करंड्यापुढे हरला असता तर माणूस विज्ञानापुढे हरला असं म्हणता आलं असतं. पण चाळणी कुणाची ते आज ना उद्या गावाला कळणार होतं. मग हरणं म्हणजे अडतीस वर्षांच्या संसारात बायकोला काय आवडतं ते आपल्याला ठाऊक नाही, असं भर सभेत, पंचांच्या सहीनिशी सिद्ध होणं.

आणि तलावाच्या दुसऱ्या फेरीत त्यांच्या लक्षात आलं की ते खरंच ठाऊक नाही.

केणी जमीन मोजणीच्या खात्यातून निवृत्त झालेले. कुठल्याही प्रश्नाची सुरुवात नकाशापासून करायची, एवढंच त्यांना ठाऊक. त्यांनी वही घेतली. ज्योत्स्नाबाई कपडे वाळत घालत होत्या, तेव्हा कोठीच्या दाराआड उभं राहून त्यांनी दोरीचा नकाशा काढला. डावीकडून तीन टॉवेल, एक झगा, दोन उशांचे अभ्रे. कोपऱ्यात उत्तर दिशेचा बाण दाखवला आणि प्रमाण लिहिलं. मग कपाट उघडून ब्लाऊज मोजले. चौदा हिरवे निघाले. केणींनी 'हिरवा' या शब्दाखाली दोन रेघा मारल्या.

"काय चाललंय?" ज्योत्स्नाबाईंनी मागून विचारलं.

"काही नाही. तुला हिरवा रंग आवडतो, नाही?"

"मला? ते सगळे तुम्ही आणलेत."

केणींनी पान फाडलं. मोजणीत याला म्हणतात खुणेचा दगडच हललेला असणं. घरातली जी वस्तू पुराव्याला धरावी ती एकतर त्यांनी आणलेली होती, नाहीतर त्यांच्या आईने. शेवटी ते खुर्चीत बसले आणि अडतीस वर्षांत पहिल्यांदा सरळ विचारलं, "ज्योत्स्ना, तुला काय आवडतं?"

"गौतमीने सांगितलं वाटतं," त्या म्हणाल्या. "बरं झालं. स्पर्धा कधी आहे?"

"सोळा दिवसांनी. पण म्हणून नाही विचारलं."

"हो का."

"तू मला सांगितलं का नाहीस, तिकडे जात होतीस ते?"

"तुम्ही झोपलेले असायचात. आणि उठल्यावर कधी विचारलं नाहीत." ज्योत्स्नाबाई अभ्र्याची घडी घालत होत्या. "मजा यायची हो. चार हजार वेळा मला कुणीतरी विचारलं, तुला हे आवडलं का. आणि मी नाही म्हटलं तरी कुणी 'का?' म्हणून विचारलं नाही."

केणींनी अभ्र्याचं दुसरं टोक धरलं.

"मग आता सांग ना," ते म्हणाले.

"एवढे अकरा पाट घेतलेत. ओळखा."

दुसऱ्या दिवशी सकाळी केणींच्या वर्तमानपत्रावर एक लाल गुंज होती.

त्यांनी पेपर उचलला, खाली ठेवला. मग स्वयंपाकघरात जाऊन स्वतः चहा केला, साखर कुठे आहे ते चार वेळा विचारून. कप ठेवला तिथे पाच मिनिटांनी गुंज. दुसऱ्या दिवशी न विचारता साखर शोधली आणि चहात चुकून मीठ घातलं. कपाशेजारी कवडी. चहा मात्र मोरीत गेला होता. केणींनी वहीत दोन्ही नोंदी केल्या आणि वहीवरच गुंज आली.

मग त्यांनी हिरीरीने मांडण्या सुरू केल्या. टीव्हीचा आवाज कमी केला: कवडी. कमी केल्याचं सांगितलं: गुंज. मोगऱ्याचा गजरा आणला: गुंज. तो शेजारच्या सावंतबाईंना दिला: दोन गुंजा. माशांच्या ड्रोनवरून बांगडे उतरवून घेतले, साफ केले आणि कौतुकाची वाट बघत ओट्याशी उभे राहिले: गुंज. बाराव्या दिवशी हिशेब केला तर एकेचाळीस गुंजा आणि सहा कवड्या निघाल्या.

त्या संध्याकाळी केणी थकले. वही बंद करून ते गॅलरीत बसले आणि रस्त्याकडे बघत राहिले. शेजारच्या खुर्चीत ज्योत्स्नाबाई येऊन बसल्या. रस्त्याच्या वळणावर एसटी एका म्हशीसाठी थांबली होती. म्हशीने बहुधा हात दाखवला नव्हता, पण एसटीने गृहीत धरलं होतं. दोघं हसले. एकमेकांकडे न बघता, एकाच वेळी. अर्ध्या तासाने केणी उठले, तेव्हा त्यांच्या खुर्चीच्या हातावर तीन कवड्या होत्या.

असं का झालं ते त्यांना कळलं नाही. पण दुसऱ्या दिवशी ते पुन्हा तिथेच जाऊन बसले आणि वही आत राहिली.

स्पर्धेच्या अंतिम फेरीला मंडळाचं सभागृह भरलं होतं. एका बाजूला केणी, दुसऱ्या बाजूला रोझलीन डिसोझा, मधे लाल करंडा. पहिल्या रांगेत ज्योत्स्नाबाई. पंच भालू चितारी. करंड्यातून चिठ्ठी छापून आली आणि बंद डबीत पडली.

केणी उभे राहिले.

"पंच, खेळ सुरू होण्याआधी मला एक कबुली द्यायची आहे. मोजणी खात्यात आमचा एक नियम होता. ज्याच्या घरी चहा घेतला, त्याची जमीन मोजू नये. या यंत्राची चाळणी माझ्या पत्नीच्या आवडीवर शिकवलेली आहे. अडतीस वर्षं मी तिच्या हातचा चहा घेतोय. तेव्हा मला गैरफायदा मिळतो आहे. मंडळाला वाटल्यास मी माघार घेतो."

भालूंनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला.

"डिसोझाबाई, तुमचा काय म्हणणा?"

"मी तिचे तीस वर्षं ब्लाऊज शिवते," डिसोझाबाई म्हणाल्या. "मग मी पण माघार घेऊ काय? हे मशीन कुणाचं ते मला दुसऱ्याच शनिवारी कळलं. माझ्याकडे मापाला उभी राहते, ती अगदी अशीच. सरळ काही सांगत नाही."

भालूंनी विचार केला आणि निकाल दिला. "नवऱ्याक बायकोचा मन ठावक असता, असो पुरावो मंडळाच्या दप्तरात नाय. केणींका फायदो झालो असा म्हणता येणा नाय. खेळ चालू करा."

"उलट त्यांना दोन मिनिटं जादा द्या," पोस्टमास्तर म्हणाले. सभागृह जे हसलं ते थांबेपर्यंत खरोखरच दोन मिनिटं गेली. ज्योत्स्नाबाईही हसत होत्या.

खेळ सुरू झाला. डिसोझाबाईंनी तीन शंकू उभे केले: कवडी. केणींनी एक शंकू आडवा टाकला, त्याचं टोक गोळ्याला टेकवून: गुंज. डिसोझाबाईंनी नुसता एक आडवा शंकू ठेवला: कवडी. केणींनी रंग बदलून बघितले, काही फरक पडला नाही. डिसोझाबाईंनी टेबलाकडे कापड बेतावं तसं डोळे बारीक करून पाहिलं.

"आडवा शंकू गोळ्याला टेकलेला नको," त्या म्हणाल्या.

नियम चुकीचा सांगितला तर यंत्र उलट उदाहरण दाखवतं आणि खेळाडूने पुढच्या तीन मांडण्या गप्प बसायचं असतं. करंड्याच्या पडद्यावर मांडणी आली आणि भालूंनी ती टेबलावर लावली. गोळा नाहीच. एक आडवा शंकू आणि त्याच्यापासून चांगला वीतभर लांब एक ठोकळा. शंकू कशालाही टेकलेला नव्हता. तरी गुंज.

केणी त्या शंकूकडे बघत राहिले. वीतभर लांबून तो टोक रोखून ठोकळ्याकडे बघत होता. त्याच्या हातात वही असती तर तो कोठीच्या दाराआडून दोरीकडे बघणाऱ्या केणींसारखाच दिसला असता. केणींच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या.

त्यांनी पाच शंकू घेतले, आडवे ठेवले आणि सगळ्यांची टोकं बाहेर फिरवली. शेजारी शेजारी, पाठीला पाठ लावून, जो तो आपापल्या दिशेला बघतोय. मधे गोळा आणि ठोकळाही ठेवला.

पांढरा दिवा लागला. भालूंनी कवडी ठेवली.

"कुठल्याही शंकूचं टोक दुसऱ्या कशावर रोखलेलं नको," केणी हळू आवाजात म्हणाले.

भालूंनी डबी उघडली, चिठ्ठी वाचली, उलटीकडूनही बघितली. मग बारावा पाट उचलून केणींच्या हातात दिला. यंदा त्यांनी त्यावर पिवळ्या रंगात मोर काढला होता. या वेळी टाळ्या पडल्या, कारण उसळ अजून यायची होती. डिसोझाबाई उठून ज्योत्स्नाबाईंजवळ गेल्या आणि म्हणाल्या, "तुझं माप मला कळायला पायजे होतं गे." मग त्या पंख्याखालच्या आपल्या जागेवर गेल्या.

मंडळी उसळीकडे वळली आणि पहिली रांग रिकामी झाली. केणी पाट छातीशी धरून आले आणि ज्योत्स्नाबाईंच्या शेजारच्या खुर्चीत बसले. जिल्ह्यातले पहिल्या प्रतीचे तर्कशास्त्री असण्याचा आनंद त्यांना होताच, पण त्याखाली आणखी काहीतरी होतं. ते त्यांना शब्दांत मांडायचं होतं आणि भाषणाची सवय असल्यामुळे ते जमेल असं वाटत होतं.

"ज्योत्स्ना," ते म्हणाले, "अडतीस वर्षं लागली. शरीराच्या आत काय आहे ते एक्स-रेने कळतं, ताऱ्याच्या आत काय आहे ते दुर्बिणीने कळतं. पण माणसाच्या मनात काय आहे ते कळायला शेजारी बसावं लागतं आणि दुसरीकडे बघावं लागतं. हे विज्ञानाला अजून माहीत नाही. मला आज कळलं. तुला काय आवडतं ते मला कळलं."

"काय आवडतं?"

"कुणी कुणावर टोक रोखू नये, हे."

ज्योत्स्नाबाईंनी त्यावर मनापासून विचार केला. चार हजार वेळा केला होता तसाच, घाई न करता.

"असेलही," त्या म्हणाल्या. "जरा उठा. माझ्या चष्म्यावर बसलायत."